रक्त कमी असेल तर साखरेचा रिपोर्ट कसा वाचावा

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीची तपासणी करणार असाल, तर लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही करायला सांगा. दोन्ही जांभळ्या टोपणाच्या एकाच नळीतून होतात, वेगळी सुई लागत नाही.

सीबीसीत आधी हिमोग्लोबिन बघा. बायकांचं १२ च्या खाली, पुरुषांचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. मग एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी, १०० च्या वर असेल तर बी१२ जीवनसत्त्व बघून घ्या. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं बी१२ घसरतं.

आता खरी गोम. "रिपोर्ट नऊ इलो, म्हणान गोळी वाढवलंय," हे आमच्या सिंधुदुर्गात मी इतकं ऐकते की कान किटले. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी जास्त फिरते तितकी साखर तिला चिकटते. लोह कमी पडलं की नव्या पेशी हळू तयार होतात, जुन्याच फिरत राहतात, आणि साखर न वाढताही एचबीए१सी वर जातो. उलट रक्त वाहून गेलं असेल, पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर आकडा फसवा कमी येतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पेशंट खूश असतो.

म्हणून ताळा करा. एचबीए१सीला २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा, की सरासरी साखर (मिग्रॅ/डेसिलिटर) मिळते. ७ ला १५४ येतात, ९ ला २१२. आता घरच्या मशीनची वही काढा. नुसत्या उपाशीपोटीच्या नोंदी नकोत. भातजेवणानंतर दोन तासांच्या आणि झोपतानाच्याही हव्यात, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. वही १५० सांगते आणि रिपोर्ट २१२, तर दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. इन्शुलिन किंवा गोळी स्वतः वाढवू नका, साखर एकदम उतरून चक्कर येईल.

मशीनही धुतल्या तांदळासारखं नाही. रक्तात तांबड्या पेशी फार कमी असतील तर बऱ्याच मशीन साखर जास्त दाखवतात. स्ट्रिपच्या डबीतल्या पत्रकावर हिमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, त्याची) मर्यादा छापलेली असते, ती वाचा. आपल्याकडच्या दमट हवेत डबी उघडी ठेवली की स्ट्रिपा खराब होतात, हे वेगळंच.

लोहाची किंवा बी१२ ची औषधं सुरू झाली की एचबीए१सी आपोआप उतरतो. तो पथ्याचा विजय समजू नका. तोवर डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन या रक्ततपासणीबद्दल विचारा, ती दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

रक्त का कमी झालं तेही शोधायला लावा: मूळव्याध, जास्त पाळी, मूत्रपिंडाचा आजार, ओल्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांत हुकवर्म, म्हणजे आतड्यातले जंत. आणि "रक्त वाढायला गूळ खा" म्हणणाऱ्या शेजारणीला चहा पाजून वाटेला लावा. तुम्ही मात्र लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, बिनसाखरेच्या.