बँकेच्या शाखेतील पहिले वर्ष आणि कामाचा ताण

राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत नव्याने रुजू होणाऱ्यांना सर्वाधिक धास्ती गर्दीची वाटते. परंतु माझा अनुभव असा आहे की, रांग कितीही लांब असली तरी ती कामकाजाची वेळ संपेपर्यंत ओसरते, आणि घरापर्यंत सोबत येतो तो ताण मात्र अर्धवट राहिलेल्या, खात्री न झालेल्या व्यवहारांचा असतो. म्हणूनच त्यावरचा उपाय काउंटरवरच सुरू करावा, असे मी नव्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो.

रोखपालाचेच पाहा. ग्राहक पाचशेच्या नोटांचे बंडल पुढे सरकवतो, मागचे दोघे घाई करू लागतात आणि तेवढ्यात व्यवस्थापक आतून हाक मारतात. अशा वेळी हातातील रक्कम यंत्रावर मोजून, कोणत्या मूल्याच्या किती नोटा आहेत हे स्लिपवर पडताळून, संगणकात नोंद पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणाचेही पैसे हाती घेऊ नयेत आणि जागाही सोडू नये. "एवढी एंट्री करून आलो, साहेब," असे म्हटल्याने कोणी दुखावत नाही. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर तूट भरून देण्याची वेळ रोखपालावरच येते, आणि ती कोणत्या व्यवहारात झाली हे आठवत नसेल तर झोप लागत नाही. आपला पासवर्डही कितीही जवळच्या सहकाऱ्याला देऊ नये.

विमा किंवा ठेवींच्या उद्दिष्टांबाबत आपल्याकडून काय शक्य आहे, हे वरिष्ठांना आकड्यांसह आधीच सांगावे. मार्चअखेरीस ते ऐकून घेण्याइतकी उसंत कोणालाच नसते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशानुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवले जाते आणि त्या काळात अंतर्गत ई-मेल वगळता कामाच्या प्रणालीत त्यांना प्रवेश नसतो. या तरतुदीचा हेतू जोखीम नियंत्रणाचा, म्हणजे दडलेले गैरव्यवहार उघड होण्याचा आहे, विश्रांतीचा नव्हे. तरीही उद्या आपल्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले तर त्याला सर्व कागद समजतील का, हा प्रश्न रोज निघताना स्वतःला विचारण्याची सवय मला या नियमामुळेच लागली, आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

एवढे करूनही झोप, भूक किंवा चिडचिड आठवडेच्या आठवडे ताळ्यावर येत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते, आणि त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागत नाही.