विंडोज बूट होईना? बूटलोडर नीट करताना या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिकच्या सातपूर-अंबडकडे लाईट कधी जाईल नेम नसतो, चालू पीसी धाडकन बंद होतो आणि सकाळी नुसती काळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणे. मग लोक नेटवरच्या बूटरेकच्या (विंडोजचं बूट दुरुस्त करायचं टूल) कमांडी एकामागोमाग एक मारत सुटतात. अरे आधी बायोस (मदरबोर्डची सेटिंग स्क्रीन) तरी उघडून बघा! तारीख कुठल्या कुठे गेली असेल तर मदरबोर्डचा सेल उतरलाय, त्यामुळे सेटिंग डिफॉल्टला जाऊन बूट मोड यूईएफआयचा (नवी पद्धत) लेगसी (जुनी पद्धत) झाला असेल, तर बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) ठणठणीत आहे, सेल बदला आणि मोड परत करा, झालं. आणि एसएसडी बायोसलाच दिसत नसेल तर कमांड काय कप्पाळ करणार.

डिस्क जीपीटी आहे की एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी आणि जुनी पद्धत) हे न बघताच सुरू करणं, ही चूक सगळ्यात जास्त दिसते. विंडोजचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट करा, शिफ्ट एफ१० दाबा, उघडलेल्या कमांडच्या खिडकीत डिस्कपार्ट (पार्टिशन हाताळायचं टूल) टाइप करा, मग लिस्ट डिस्क. जीपीटीच्या कॉलममध्ये चांदणी दिसली तर बूटरेकचं फिक्सएमबीआर आणि डिस्कपार्टचं अ‍ॅक्टिव्ह विसरा, ते एमबीआरवाल्यांसाठी. बूटरेकचं फिक्सबूट बऱ्याचदा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणतं, त्याच्या नादी लागू नका.

आता लिस्ट व्हॉल्यूम. फॅट३२ असलेलं, साधारण १०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटच्या फाईली असतात ते, शोधा (पेनड्राइव्हही फॅट३२च असतो, साईझ बघा), ते सिलेक्ट करा, असाईन लेटर=झेड, एक्झिट. इथे लोक हमखास फसतात, कारण रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी झालेला असतो, आणि प्रॉम्प्टला दिसणारा एक्स तर पेनड्राइव्हचं स्वतःचं विंडोज. डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) मारून यूजर्स फोल्डरमध्ये आपलं नाव दिसतंय का बघा, मगच बूटच्या फाईली नव्याने टाकणारी कमांड, बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय, अर्थात सीच्या जागी खरं अक्षर आणि सगळं इंग्रजीत. बहुतेक वेळा एवढ्यावरच मशीन उठतं.

डिस्कपार्टमध्ये क्लीन टाइप करू नका, ते साफसफाई करत नाही, डिस्कचं पार्टिशन टेबलच उडवतं आणि 'नक्की का?' असंही विचारत नाही. उबुंटू पण टाकलेलं असेल तर ते छोटं पार्टिशन फॉरमॅट करू नका, उबुंटूचा बूटलोडर ग्रब तिथेच असतो.

अंबडच्या एका वर्कशॉपच्या बिलिंग पीसीला एसएसडी टाकली होती, जुनी हार्डडिस्क आत तशीच, पुढे ती घरघर करते म्हणून काढली तर पीसी चालूच होईना. विंडोज एसएसडीवर, बूटची फाईल जुन्या डिस्कवर! अशा वेळी एसएसडी जीपीटी असेल तर डिस्कपार्टमध्ये सी व्हॉल्यूम सिलेक्ट करून श्रिंक डिझायर्ड=३००, क्रिएट पार्टिशन ईएफआय साईझ=२६०, मग फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२, लेटर द्या आणि वरचीच बीसीडीबूट. म्हणूनच नवीन विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कची केबल काढून ठेवत जा.

आणि लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असू शकतो, ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का ते फोनवरून बघून घ्या, तीही बायोसला हात लावायच्या आधी.