पारावर राजेश खन्ना: तीन रात्रींची मांडणी

चित्रपट वर्षांच्या क्रमानेच दाखवा: 'आखरी खत' (१९६६), 'आराधना' (१९६९), 'आनंद' (१९७१). पहिल्या रात्री गर्दी कमी राहील, पण ती रात्र गाळू नका. नव्या चेहऱ्यांच्या १९६५ च्या स्पर्धेतून आलेला नवखा पोरगा पुढे केवढा झाला, हे त्याशिवाय कळत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी आधीच घ्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाया वावरातून उशिरा येतात, आठच्या आधी सुरू करू नका.

पडद्याला दहा फूट रुंद पांढरा मांजरपाट घ्या. मागून काळं कापड शिवा, नाहीतर उजेड आरपार जाऊन चित्र फिकं पडतं. चारही कडांना बांबू बांधा. नुसता वरून टांगलेला पडदा वाऱ्याने फुगतो आन् चेहरा वाकडा दिसतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर तो पडद्यापासून १५ फुटांवर ठेवा.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यावरून आवाज जाईल इतके उंच. 'आनंद'च्या शेवटी टेपमधला आवाज येतो. तो घरघरला तर सारी रात्र वाया, म्हणून तेवढा भाग दुपारीच वाजवून पाहा.

लाईट जातेच. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर ठेवा. त्याचा दिवा गरम असताना अचानक बंद पडला तर लवकर खराब होतो. थंडीत रात्री दव पडतं, ॲम्प्लिफायरवर छत धरा.