पार्किन्सन्स आणि रोबोटिक एक्सोस्केलेटन: सेशनला जाण्याआधी

घरात कुणाला पार्किन्सन्स आहे आणि फिजिओने एक्सोस्केलेटन (पायांना बाहेरून बांधायचं, चालायला मदत करणारं मशीन) सुचवलंय, तर आधी गोळीची वेळ बघा. लेवोडोपाचा (पार्किन्सन्सच्या त्या गोळीचा) असर चांगला असतो तेव्हाचीच अपॉइंटमेंट मागा, गोळी आपल्या मनाने पुढे-मागे करू नका, आणि म्हापशाहून पणजीला यायचं असेल तर पावसातला ट्रॅफिकही धरा, नाहीतर पोचेपर्यंत असर उतरायला लागतो.

उभं राहिल्यावर बीपी पडतं का, हाडं ठिसूळ आहेत का, हे आधीच सांगा. मऊ फुल पँट आणि नाडीचे बूट घाला. आपल्याकडच्या घामात मशीनचे पट्टे घासतात, म्हणून नंतर मांड्या, नडग्या बघायच्या, लाली राहिली तर लगेच सांगायचं.

मशीन चालवतंय म्हणून बाबा पाय ढिले सोडतात, तसं नको. मोठं पाऊल टाकायचा प्रयत्न त्यांचाच हवा, मशीन फक्त साथ देतं.

अमेरिकेत २०२४ मध्ये कपड्यासारखा मऊ रोबोटिक सूट वापरून एका रुग्णाचं चालता चालता पाय गोठणं, म्हणजे पाऊल अचानक अडकणं, इमारतीच्या आतल्या चालण्यात थांबलं, पण तो एकच माणूस होता हं, आणि सूट काढला की फायदाही जातो. म्हणून घरी दाराच्या उंबऱ्यापाशी रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा. पाय अडकले की हात धरून ओढू नका, थांबू द्या, एक-दोन मोजा आणि पट्टी ओलांडायला सांगा.