अनुवादाचा करार आधी इथे आणा
दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या घरी आम्ही पाच-सहा अनुवादक जमतो. संघटना म्हणा हवं तर. पावतीपुस्तक मात्र नाही. करार आला की सहीआधी तो घेऊन या. मूळ हक्कधारकाची परवानगी कोण घेणार, ते आधी बघा. लेखकाच्या निधनानंतरही हक्क ६० वर्षं राहतात. मग मुदत, म्हणजे अनुवादाचे हक्क प्रकाशकाकडे किती काळ राहणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं, मुदत लिहिलीच नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतात. ‘कायमस्वरूपी’ लिहिलं असेल तर ही ५ वर्षांची मर्यादा उरत नाही, म्हणून ते दिसलं की पेन्सिलीने गोल करा. नाव मुखपृष्ठावर येईल, हेही लिहूनच घ्या. माझं एकदा छापखान्याच्या पत्त्याखाली आलं होतं, तेही ‘कुलकर्णी’चं ‘कुळकर्णी’ होऊन! कराराच्या दोन झेरॉक्स आणा. चिवडा आमचा.