मिनी शिलाई मशीनवर कागदाला टीप मारायची असेल तर

ही खेळण्यासारखी दिसणारी छोटी मशीन मी खरं तर कपडे अल्टर करायला घेतली होती आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की जीन्स सोडाच, पडद्याच्या दुमडलेल्या कडेवरसुद्धा बिचारी कुंथते. मग ती कपाटात गेली. पुढे एकदा ग्रीटिंग कार्डावर रंगीत पट्टी लावायची होती आणि नेमका गम वाळलेला, म्हटलं बघू तर टीप मारून, आणि कागदावर ती अगदी शहाण्यासारखी चालली! एकदोन थर कागदाला जोर लागतोच किती.

पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कापडावर चुकलं तर उसवता येतं, कागदावर दोरा निघतो पण भोकं तशीच राहतात. म्हणून जो कागद वापरणार त्याच्याच तुकड्यावर आधी टीप मारून बघायची, दुसऱ्या कुठल्या नाही.

त्या तुकड्यावर मोजपट्टी ठेवा आणि 3 सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. दहाच्या आसपास आले, म्हणजे एक टाका साधारण 3 मिलिमीटरचा, तर उत्तम. पंधरावीस आले तर भोकं इतकी जवळजवळ पडतात की पोस्टाच्या तिकिटासारखा कागद त्या रेषेवर फाटतो, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मशीनवर टाक्याची लांबी बदलताच येत नाही, मग कागदच जाड घ्यायचा. साधा प्रिंटरचा 80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) कागद एकेरी असेल तर पटकन फाटतो, 160 ते 220 जीएसएमचा कार्डपेपर मला सगळ्यात बरा वाटला. त्याहून जाड दोन थर घातले की मोटर नुसती गुरगुरते.

सुई कागदासाठी वेगळी ठेवा, हे ऐकाच. कागदाने सुईची धार जाते आणि तीच सुई नंतर कापडाला लावली की धागे ओढले जातात. 80/12 ची सुई चालते (80 म्हणजे 0.8 मिलिमीटर जाडी, तेवढंच भोक पडणार), वापरलेल्या सुईच्या पाकिटावर पेनने ‘कागद’ लिहून टाका. सुई बदलताना सेल काढा किंवा अडॅप्टरची वायर काढा, कारण पायाचा पेडल चुकून दाबला जातो, माझं बोट थोडक्यात वाचलंय. दोरा पॉलिएस्टरचा.

आता प्रत्यक्ष शिवताना. पेन्सिलने फिकट रेष मारून घ्या, थर जागेवर ठेवायला टाचण्या नकोत, त्यांचीही भोकं राहतात, पेपरक्लिप लावा आणि सुई जवळ आली की काढा. डबल साइड टेप किंवा ओल्या गमवरून टीप नेऊ नका, सुई चिकट होते आणि टाके सुटायला लागतात. पहिले तीनचार टाके पेडल न दाबता चाक हाताने स्वतःकडे फिरवून घाला आणि तेव्हा दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, नाहीतर खाली गुंता होतो. नंतर मशीन कमी स्पीडवर, आणि कागद ओढायचा नाही, फक्त दिशा द्यायची. ओढला की सुई वाकते, मी दोन मोडल्या. कोपरा आला की सुई कागदातच ठेवून फूट (कागद दाबून धरणारा मशीनचा धातूचा पाय) उचला, कागद वळवा, फूट खाली. शेवटचे टाके परत हातानेच.

टीप पक्की करायला त्याच रेषेवर मागेपुढे करू नका, तिथेच कागद तुटतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना 8-10 सेंटीमीटर दोरा सोडून कापा, मागच्या बाजूने खालचा दोरा हलकेच ओढला की वरच्या दोऱ्याचा छोटा फासा बाहेर येतो, तो टाचणीने ओढून घ्यायचा, दोन गाठी मारायच्या आणि वर टेपचा तुकडा. स्टेपलरसारखी हातात धरायची मशीन मात्र एकाच दोऱ्याची साखळी घालते, तिची गाठ राहिली तर टोक ओढताच सगळी टीप सरसर निघून येते, त्यामुळे ती मी तरी कागदाला वापरत नाही.

खाली दोऱ्याचं घरटं झालं तर मशीनला शिव्या देण्याआधी फूट वर करून वरचा दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा, बहुतेक वेळा तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये (दोऱ्याला ताण देणाऱ्या) बसलेलाच नसतो. काम झालं की बॉबिनजवळचा (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाजवळचा) कागदाचा भुगा ब्रशने काढा. तेल घातलं असेल तर आधी रफ कागदावर चालवा, पहिले काही टाके हमखास डाग पाडतात.

सुरुवातीला चार कागद मधोमध दुमडून घडीवर एक टीप मारा, छोटी वही तयार होते, फक्त शिवताना कागद उघडे पसरून ठेवायचे. आणि मुलांसाठी कूपन बनवायची असतील तर वरचा दोरा आणि बॉबिन दोन्ही काढून नुसती सुई चालवा, इथे मात्र टाके जवळजवळ पडतात तेच बरं, कूपन रेषेवर सरळ फाटतं.