गुडघा बदलल्यावर पाय सरळ होत नसेल तर
गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे पाय लंगडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सोडा. 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. मधूनमधून मांडी आवळून 5 सेकंद धरा. दुखणारच, म्हणून डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं.

6 आठवड्यांनीही गुडघा 90 अंश वाकत नसेल तर सर्जनना दाखवाच. भूल देऊन तो मोकळा करायचा असेल तर उशीर महागात पडतो. पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला, तर 108.